लिस्बन: भटकंती, खाणंपिणं आणि रात्रीचं शहर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्तुगालच्या राजधानीला निघालेल्या मराठी मंडळींचे प्रश्न साधारण सारखेच असतात: किती दिवस ठेवू, कुठे राहू, शाकाहारी मिळेल का, रात्री बाहेर पडलं तर चालेल का. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. तिकिटांचे दर आणि उघडण्याच्या वेळा सतत बदलतात, जुन्या वास्तूंची डागडुजीही अधूनमधून चालू असते. तेवढं मात्र निघण्याआधी त्या त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या.

लिस्बनसाठी किती दिवस ठेवावेत?

चार पूर्ण दिवस. तीन शहराला, एक जवळच्या सिंत्रा या डोंगराळ गावाला. स्पेन-पोर्तुगाल एकत्र दाखवणाऱ्या सहलींत लिस्बनच्या वाट्याला बहुधा दीड दिवस येतो आणि तो एक मठ, एक ट्राम, एक टेकडी यातच संपतो. या शहराची खरी वेळ संध्याकाळची आहे. ऊन उतरलं की लोक मिरादोरोवर, म्हणजे टेकडीच्या कडेवरच्या सज्जांवर, जमायला लागतात. आठनंतर खाणावळी भरतात, दहाच्या सुमारास गाणं रंगतं आणि अकरानंतर गल्ल्या. दिवसभर पाय मोडेपर्यंत फिरून सातला हॉटेलवर आडवा झालेला माणूस लिस्बन न बघताच परत येतो. म्हणून बघण्याची ठिकाणं दुपारी चारपर्यंत आटपा आणि संध्याकाळ मोकळी ठेवा. या सगळ्या उत्तरांत आग्रह म्हणून धरावा असा मुद्दा तो एकच.

कोणते महिने चांगले?

एप्रिल ते जून, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जूनमध्ये सूर्य रात्री नऊला मावळतो, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो, कधी चाळिशीला भिडतो. हवा कोरडी असल्यामुळे मुंबईसारखा घाम येत नाही, पण दुपारच्या उन्हात चढ चढवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचे महिने. थंडी कडाक्याची नसते, पण जुन्या इमारतींतल्या बऱ्याच घरांत हीटरची सोय नसते. भाड्याने घर घेत असाल तर आधी विचारून घ्या.

व्हिसा, विमान, पैसे?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा दाखवावा लागतो. मुंबईहून जाताना आखातात किंवा युरोपात एक थांबा धरूनच चाला. घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं. हॉटेलच्या बिलात माणशी दर रात्रीचा ४ युरो पर्यटन कर वेगळा लागतो, सात रात्रींपर्यंत. तेरा वर्षांखालच्या मुलांना तो नाही. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

कुठे राहावं?

पहिल्यांदाच जात असाल तर बायशा किंवा शियादो. बायशा हा शहराच्या मधला सपाट भाग, मेट्रो आणि नदी दोन्ही हाताशी. शियादो त्याच्या वर, थोडा शांत. आल्फामा फोटोत फार सुंदर दिसतो आणि आहेही, पण तिथे टॅक्सी दारापर्यंत येत नाही. बॅगा घेऊन दगडी पायऱ्या चढायची तयारी असेल तरच तिथे घर घ्या. बैरो आल्तोमध्ये पहाटे तीनपर्यंत खिडकीखाली गलका असतो. स्वतः त्या गलक्यात असणार असाल तर उत्तम, झोपणार असाल तर नको. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर आव्हेनिदा दा लिबेरदादे किंवा साल्दान्या बरं: रुंद पदपथ, लिफ्टची हॉटेलं, जवळ मेट्रो. साल्दान्याला तर विमानतळावरून लाल मार्गाने थेट येता येतं.

आईबाबांना चढउतार जमेल का?

जमेल, पण युक्तीने. लिस्बन टेकड्यांवर वसलंय आणि पदपथ चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे आहेत. वर्षानुवर्षं पावलं पडून ते गुळगुळीत झालेत, आणि पाऊस पडला की त्यांच्यावरून पाय सरकतो. रबरी तळाचे, पकड असलेले बूट हवेतच. चप्पल किंवा नवे कोरे गुळगुळीत तळाचे बूट नकोत.

आता युक्ती. बायशा-शियादो हे मेट्रो स्थानक डोंगराच्या पोटात आहे. एक दार खाली बायशात उघडतं, दुसरं वर शियादोत, आणि मधे एकावर एक सरकते जिने आहेत. एका चढाची कटकट इथेच मिटली. टेकडीवरच्या साओ जॉर्ज किल्ल्याकडे जायचं तर रुआ दुश फांकेरुश या रस्त्यावरच्या एका साध्या इमारतीत फुकट लिफ्ट आहे. ती वरच्या रस्त्याला सोडते. तिथून पुढे शांव दो लोरेरो इथल्या सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट लागते, ती थेट किल्ल्याच्या पायथ्याच्या रस्त्यावर काढते. रोज वापरणारे स्थानिक लोक सोडले तर तिथे फार गर्दी नसते.

२८ नंबरची ट्राम घ्यायचीच का?

घ्या, पण वेळ निवडून. पिवळी, लाकडी बाकांची, अरुंद गल्लीत भिंतीला जवळजवळ घासून जाणारी ही ट्राम खरोखर बघण्यासारखी आहे. मार्तिम मोनिझहून ग्रासा, आल्फामा, शियादोवरून ती कांपो दि ओरीककडे जाते. मार्तिम मोनिझला सकाळी दहानंतर तासाभराची रांग लागते. सकाळी आठच्या आत जा, किंवा उलट्या टोकाहून बसा. हीच ट्राम वर राहणाऱ्या आजीआजोबांची बाजारातून घरी जायची गाडी आहे, म्हणून ते चढले की जागा द्या. खिसेकापूंचा हा आवडता मार्ग; पाठीवरची सॅक पुढे घ्या. रांग फारच असेल तर १२ किंवा २४ नंबर घ्या. गाडी त्याच बनावटीची, गर्दी बरीच कमी.

उतारावर चालणाऱ्या छोट्या केबल गाड्यांबद्दल: ग्लोरिया मार्गावरची गाडी ३ सप्टेंबर २०२५ ला घसरून १६ माणसं दगावली. त्यानंतर या सेवा तपासणीसाठी बंद ठेवल्या गेल्या. कोणती सुरू आहे ते बघूनच बेत करा. ग्लोरियाचा चढ पायी चढून साओ पेद्रो दि आल्कांतराच्या सज्जावर जाता येतं.

सांता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टच्या रांगेत मात्र उभे राहू नका. १९०२ ची ही ४५ मीटर उंच लिफ्ट खालून बघण्यात मजा आहे. वरच्या पुलावर कार्मो चौकातून चालत जाता येतं.

शहरात नक्की काय बघायचं? चर्च आणि राजवाडे सगळीकडे सारखेच वाटतात.

मग एक तारीख लक्षात ठेवून फिरा: १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली, वेद्यांवर मेणबत्त्या. प्रचंड भूकंप झाला, पाठोपाठ नदीतून त्सुनामीच्या लाटा आल्या आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. लिस्बनचे दोन भाग पडतात ते तिथे. आल्फामा वाचला, म्हणून तिथल्या गल्ल्या अरबांच्या काळासारख्या वाकड्यातिकड्या. बायशा भुईसपाट झाला, म्हणून तो पट्टीने आखल्यासारखा सरळ. मार्केश दि पोंबाल या मंत्र्याने तो नव्याने बांधून घेतला आणि भिंतींच्या आत लाकडी पिंजरे बसवले, जेणेकरून पुन्हा जमीन हलली तर घर हलेल पण कोसळणार नाही. भूकंपाचा विचार करून आख्खा भाग बांधण्याचा युरोपातला हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न.

हे डोक्यात असलं की कार्मोच्या मठात गेल्यावर अंगावर काटा येतो. छत पडलेलं, कमानी मात्र उभ्या आणि वर थेट आकाश. तो तसाच ठेवलाय. कार्मोसमोरचा चौक दुसऱ्या कारणासाठीही बघा. २५ एप्रिल १९७४ ला इथल्याच छावणीत पंतप्रधान मार्सेलो कायतानो लष्करी उठावापुढे शरण आले आणि पोर्तुगालमधली जुनी हुकूमशाही संपली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करार करून मान्य केलं. १९६१ साली सुटलेल्या गोव्यावर कागदोपत्री पडदा पडायला हा चौक कारण झाला.

नदीकाठचा प्रासा दो कोमेर्सिओ हा मोठा चौक संध्याकाळसाठी राखून ठेवा. भूकंपापूर्वी इथे राजवाडा आणि भारताशी होणाऱ्या व्यापाराची कचेरी, कासा दा इंदिया, होती. आता तिथे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत.

बेलेंला काय आहे?

बेलें हा शहराच्या पश्चिमेचा नदीकाठचा भाग. अर्धा दिवस द्या आणि सकाळी लवकर जा. जेरोनिमुस मठाचं काम १५०१-०२ च्या सुमारास सुरू झालं, आणि त्याचा बराचसा खर्च मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून निघाला. दगडात कोरलेले दोरखंड, शिंपले, समुद्री वेली बघताना मलबारची मिरी या भिंतीत जिरली आहे हे विसरता येत नाही. चर्चमध्ये शिरल्याबरोबर वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ साली कोचीत वारला आणि तिथेच त्याला पुरलं. अवशेष नंतर पोर्तुगालला नेले, आणि या मठात ते आले १८८० साली. समोर कवी कामोइंशची कबर. कवी फेर्नांदो पेसोआ आतल्या चौकाच्या व्हरांड्यात आहे.

बेलेंचा बुरूज लांबून बघून लोक परततात. एक गोष्ट मात्र शोधून बघा. नदीच्या बाजूच्या एका छोट्या बुरुजाखाली झिजलेलं गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. गुजरातच्या सुलतानाने भारतातला पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला भेट दिलेला गेंडा १५१५ च्या सुरुवातीला गोव्याहून जहाजात चढवला गेला आणि त्या वर्षी मे महिन्यात लिस्बनला उतरला. युरोपने कित्येक शतकांत जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावायचं ठरवलं, तर हत्तीच पळून गेला. जर्मन चित्रकार ड्यूररने प्रत्यक्ष न बघता, नुसत्या वर्णनावरून काढलेलं गेंड्याचं प्रसिद्ध चित्र याच जनावराचं. पुढे पोपला भेट म्हणून पाठवलेला तो गेंडा जहाज बुडून मेला. वारा-पाण्याने ते दगडी डोकं आता इतकं झिजलंय की नाक-शिंग नीट ओळखू येत नाही.

गोवा, मुंबई, वसईशी नातं सांगणारं आणखी काही?

बरंच आहे, आणि ते चुकवू नये असं मनापासून वाटतं.

साओ विसेंते दि फोरा या मठात ब्रागांझा राजघराण्याच्या कबरी आहेत. तिथेच कॅथरीन आहे. १६६१ च्या ज्या विवाहकरारात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं गेलं, त्यातली वधू. मुंबईकराने तिथे दोन मिनिटं थांबावं.

आल्कांतरामधलं म्युझेउ दो ओरिएंते खारवलेल्या कॉड माशाच्या जुन्या गोदामात २००८ साली उघडलं. आशियाशी आलेल्या पोर्तुगीज संबंधांच्या वस्तू तिथे आहेत, त्यांत भारतातल्या कारागिरांनी घडवलेल्या वस्तूही दिसतात.

आणि काशियास. काइस दो सोद्रे स्थानकाहून समुद्रकाठाने कश्काइसकडे जाणाऱ्या लोकल गाडीच्या मार्गावर हे छोटं स्थानक आहे. प्रवासी खिडकीतून समुद्राकडे बघत असतात. तुम्ही दुसऱ्या बाजूलाही बघा. इथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीकडचा हा माणूस गोव्यात मराठी शिक्षक म्हणून राहिला, सशस्त्र लढ्यात उतरला, १९५५ मध्ये पकडला गेला आणि त्याला २६ वर्षांची शिक्षा झाली. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. सुधीर फडके आणि इतरांनी पाठपुरावा केला, आणि जानेवारी १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. गोवा स्वतंत्र होऊन सात वर्षं उलटल्यावर! गोव्याच्या राष्ट्रवादाचे अध्वर्यू त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना उत्तरेकडच्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं होतं. तिथे आता हुकूमशाहीविरुद्धच्या प्रतिकाराचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. एवढ्या लांब जायचं नसेल तर लिस्बनच्या कॅथेड्रलजवळ आल्जुबे नावाच्या जुन्या राजकीय तुरुंगाचं संग्रहालय आहे, ते बघा.

खायचं काय?

कोकणातल्या माणसाला लिस्बनमध्ये पोट भरायची चिंता नाही. मासे ताजे असतात, मसाला मात्र जवळजवळ नसतो: जाडं मीठ, लसूण, ऑलिव्हचं तेल, लिंबू, आणि आपल्यासारखी सढळ हाताने घातलेली कोथिंबीर. सुरुवात आमेइज्वाश आ बुल्यांव पातोपासून करा. तिसऱ्या, लसूण, तेल, कोथिंबीर आणि व्हाइट वाइनचा रस्सा. पाव बुडवून तो रस्सा संपवायचा असतो, वाडगं तसंच परत पाठवू नये.

बाकाल्याउ म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. हा मासा पोर्तुगालच्या पाण्यात मिळत नाही, शतकानुशतकं उत्तर अटलांटिकातून येतो आणि तरी घरोघरचं खाणं तोच आहे. पहिल्यांदा खाणाऱ्याने ब्रास पद्धतीचा घ्यावा: माशाचे तंतू, कांदा, काडीसारखे तळलेले बटाटे, त्यात सैलसर अंडं. भाजलेलं ऑक्टोपस, माकल्या, आर्रोज दि मारिस्को हा पातळसर कोळंबी-शिंपल्यांचा भात, सगळं घ्या. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची भावंडं. हंगाम जून ते सप्टेंबर. पावाच्या जाड कापावर कोळशावर भाजलेला आख्खा मासा ठेवतात. हाताने मासा सोडवून खायचा, तोवर त्याचं तेल खाली पावात झिरपतं, आणि तो तेलकट, धुरकट पाव शेवटी खायचा.

बिफाना म्हणजे पावातलं डुकराचं मांस, प्रेगो म्हणजे गोमांस. जे टाळायचं असेल ते बघून घ्या: मेनूत ‘वाका’ गाय, ‘पोर्को’ डुक्कर, ‘फ्रांगो’ कोंबडी.

दुपारी टास्कात, म्हणजे घरगुती खाणावळीत जा आणि ‘प्रातो दो दिया’, त्या दिवशीचं ताट, मागवा. ताजं, स्वस्त, भरपोट. रात्री आठच्या आधी जेवायला गेलात तर रिकाम्या खोलीत बसावं लागेल. चित्रांचा मेनू लावून दारात हाका मारणारी हॉटेलं सरळ टाळा.

न मागता आणून ठेवलेल्या पाव-ऑलिव्हचे पैसे का लावले?

ती तिथली पद्धत आहे, फसवणूक नव्हे. त्याला कूवेर्त म्हणतात. खाल्लं तर पैसे, हात लावला नाही तर नाही. नको असेल तर सुरुवातीलाच हसून परत द्या, कोणी वाईट मानत नाही. बक्षिशी सक्तीची नाही. जेवण आवडलं तर पाच-दहा टक्के ठेवा.

शाकाहारी माणसाचं काय?

पारंपरिक टास्कात हाल होतात. हिरवं काल्दो वेर्द सूप बटाटा आणि पालेभाजीचं असतं, पण त्यात चोरिसा सॉसेजची चकती टाकलेली असते. भाजीचं सूप मांसाच्या पाण्यात केलंय का ते विचारावं लागतं. ‘सें कार्नी, सें पेइशी’ (मांस नको, मासा नको) एवढं पाठ करून ठेवा. पेइशिन्यूस दा ओर्ता दिसलं तर घ्या: फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळलेल्या, नावात मासा असला तरी ताटात नसतो. अंडं चालत नसेल तर पिठात आहे का ते विचारा.

गेल्या काही वर्षांत शहरात वीगन हॉटेलं बरीच निघाली. २०१७ च्या कायद्याने सरकारी कँटीन, शाळा, इस्पितळं यांना शाकाहारी पर्याय ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे ‘वेजेतारियानो’ म्हटल्यावर कोणी गोंधळत नाही. घरच्यासारखं जेवण हवं असेल तर लुमियार भागात, महात्मा गांधींचंच नाव असलेल्या रस्त्यावर राधाकृष्ण मंदिर आहे. मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती मंडळींनी ते उभं केलं, आणि तिथल्या कँटीनमध्ये शाकाहारी ताट मिळतं. वेळ आधी विचारून जा. मार्तिम मोनिझच्या मागच्या बेनफोर्मोझो रस्त्यावर डाळ, तांदूळ, हिरव्या मिरच्या, सगळं मिळतं. साध्या बेकऱ्यांच्या काचेत सामोसे दिसले तर दचकू नका, शामुसा नावाने ते तिथे मुरलेत. आतलं सारण बहुधा मांसाचं असतं.

पाश्तेल दि नाता बेलेंलाच खायचा का?

बेलेंचं दुकान १८३७ पासून चालू आहे आणि मूळ कृती शेजारच्या मठातली. बाहेरची रांग नुसती बांधून नेणाऱ्यांची असते. सरळ आत जा, निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, बसायला जागा मिळते. वरून दालचिनी भुरभुरा आणि गरम असतानाच खा. थंड झाला की पापुद्रा बसतो. पण हा दिवसातून दोनदा खायचा पदार्थ आहे आणि शहरातल्या चांगल्या बेकऱ्या फार मागे नाहीत. बरोबर ‘बिका’ मागा, ती छोटी कडक कॉफी. उभ्याने काउंटरवर प्यायलात तर बाहेरच्या टेबलापेक्षा स्वस्त पडते.

रात्री कुठे जायचं?

लिस्बनची रात्र एका जागी बसून होत नाही, ती टेकडीवरून खाली उतरत जाते.

सूर्यास्ताला एखादा मिरादोरो धरा. सेन्योरा दो मोंते सगळ्यात उंच, ग्रासा तरुणांनी भरलेला, सांता लुझियावर टाइल्स आणि बोगनवेल. टपरीवरून लिंबू सरबत किंवा ‘इंपेरियाल’, म्हणजे छोटा ग्लास बिअर, घ्या. मग रोसियोजवळच्या साओ दोमिंगोस चौकातल्या १८४० पासूनच्या इवल्याशा दुकानात जिंजिन्या घ्या, आंबट चेरीची गोड दारू. फळासकट की फळाशिवाय एवढंच विचारतात. चौकातच उभं राहून प्यायची.

जेवण झालं की बैरो आल्तो. दिवसा इथे कपडे वाळत घातलेल्या शांत गल्ल्या असतात. रात्री दहानंतर प्रत्येक दाराआड एक बार उघडतो, आत दहा माणसं मावतात, बाकीचे ग्लास घेऊन रस्त्यावर. अनोळखी लोक सहज बोलतात. एकटं गेलेल्या माणसालाही इथे अवघडल्यासारखं होत नाही. दोन-तीन वाजता बार बंद होतात आणि गर्दी उतारावरून काइस दो सोद्रेकडे सरकते. तिथला गुलाबी रंगवलेला रस्ता एके काळी खलाशांची वस्ती होता. त्याची कीर्ती मोठी आहे, पण आता तो फारच पर्यटकी झालाय असं माझं मत. त्यापेक्षा जवळच्या बी लेझामध्ये केप व्हर्देचं संगीत ऐका. आफ्रिकेतल्या जुन्या वसाहतींतून आलेल्या लोकांनी या शहराला ताल दिला, आणि तिथे जोडीने नाचणारी साठीची माणसंही दिसतात. पहाटेपर्यंत नाचायचं असेल तर सांता आपोलोनियाजवळचा १९९८ पासूनचा लुक्स फ्राजिल. दोनच्या आधी तो रिकामाच असतो.

दारू न पिणाऱ्यांची रात्रही छान जाते. काइस दो सोद्रेहून बोटीने दहा मिनिटांत पलीकडे कासिल्यासला जा, काठाने चाला आणि दिवे लागलेलं लिस्बन समोरून बघा. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जातानाच बघून ठेवा.

फादो ऐकायचा तर कुठे, कसा?

ऐकाच. फादो म्हणजे लिस्बनचं पारंपरिक गाणं, आल्फामा आणि मोरारियाच्या गरीब वस्त्यांतून आलेलं. १८४६ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेलेली मारिया सेवेरा ही त्याची पहिली दंतकथा, आणि आमालिया रॉद्रिगेस (१९२०–१९९९) त्याची सर्वांत मोठी गायिका. युनेस्कोने २०११ मध्ये त्याला वारशाच्या यादीत घेतलं. साथीला बारा तारांची, नासपतीच्या आकाराची पोर्तुगीज गिटार आणि एक साधी गिटार.

जागा दोन प्रकारच्या. फादोच्या हॉटेलात जेवण बांधील, बिल जड, गायक मुरलेले, आरक्षण लागतं. टास्कात ‘फादो वादिओ’ चालतो, हौशी लोक येऊन गातात. कधी शेजारच्या टेबलावरची बाईच उठून उभी राहते. बैरो आल्तोतली तास्का दो शिको यासाठी प्रसिद्ध. लवकर जाऊन उभं राहावं लागतं. दिवे मंद झाले की बोलणं बंद, चमचा खाली, मोबाइल खाली. वाढपीसुद्धा हातात ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी थांबतो. तीन-चार गाण्यांनंतर दिवे लागतात, तेव्हा जेवा. शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. पण गाणं चालू असताना कुजबुजलं तर लोक वळून बघतात, आणि ते योग्यच आहे. आदल्या दिवशी आल्फामातलं फादो संग्रहालय बघून गेलात तर जास्त पदरात पडतं.

रात्री सुरक्षित आहे का? एकट्या बाईने फिरावं?

हो. गर्दीच्या भागांत रात्री उशिरापर्यंत बायका एकट्या ये-जा करतात. धोका खिसेकापूंचा जास्त. बायशात दिवसाढवळ्या कोणी ‘हशीश, कोकेन’ पुटपुटत जवळ येईल. तो बहुतेकदा भलताच पाला विकत असतो. नाही म्हणा, चालू लागा. पोर्तुगालने २००१ पासून वैयक्तिक वापरापुरतं अमली द्रव्य बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं, पण ते कायदेशीर झालेलं नाही. मेट्रो रात्री एकपर्यंत. नंतर रात्रीच्या बस किंवा उबर-बोल्ट. आणीबाणीचा नंबर ११२. पर्यटकांसाठीची पोलीस चौकी रेस्तोरादोरेस चौकात पालासिओ फोझमध्ये आहे.

जूनमधला सण म्हणजे काय?

सांतो आंतोनिओ. १२ जूनची रात्र. आव्हेनिदावरून वस्त्यावस्त्यांच्या मिरवणुका निघतात, आल्फामात प्रत्येक दारात शेगडी पेटते आणि आख्ख्या गल्लीला सार्डिनचा वास येतो. लोक एकमेकांना मांजेरिको देतात, म्हणजे आपल्या तुळशीच्या कुळातलं बारीक पानांचं रोप, त्यात खोचलेलं कागदी फूल आणि चार ओळींची कविता. त्याला नाक लावून हुंगायचं नाही. तळहात फिरवायचा आणि हात हुंगायचा. तारीख जुळवता आली तर याच रात्रीसाठी जुळवा. हॉटेल मात्र महिनोन्‌महिने आधी घ्या.

सिंत्रा आणि कश्काइस एका दिवसात होतील?

होतील, पण दोन्ही उरकल्यासारखे. सिंत्राला पूर्ण दिवस द्या. रोसियोहून गाडीने चाळीस मिनिटं. पेना राजवाड्याचं वेळेचं तिकीट आधीच काढा आणि पहिल्या वेळेला पोचा. किंता दा रेगालेराची २७ मीटर खोल उलट्या मनोऱ्यासारखी विहीर दुपारी. डोंगरावर धुकं असतं, जॅकेट ठेवा. स्वतःची गाडी नेऊ नका, अरुंद रस्त्यांवर अडकाल. कश्काइस वेगळ्या दुपारी, समुद्रासाठी. तीच काशियासवरून जाणारी गाडी.

काय आणावं?

कॉर्कच्या वस्तू, माशांचे डबे, हाताने रंगवलेल्या नव्या टाइल्स. मंगळवारी आणि शनिवारी भरणाऱ्या फेरा दा लाद्रा या जुन्या बाजारात फिरायला जा, पण तिथल्या सुट्या जुन्या टाइल्स घेऊ नका. त्यातल्या कित्येक घरांच्या दर्शनी भिंतींवरून चोरून काढलेल्या असतात, आणि त्या भिंतींचे बोडके चौकोन शहरात ठिकठिकाणी दिसतात. १७४१ पासूनच्या सांत’आना कारखान्याच्या नव्या टाइल्स महाग असल्या तरी पैसे योग्य ठिकाणी जातात.

परतीचं विमान पहाटेचं आहे. विमानतळाजवळ राहावं का?

गरज नाही. विमानतळ शहरातच आहे, मध्यवस्तीतून टॅक्सीने पहाटे वीस मिनिटं पुरतात. मेट्रो साडेसहाला सुरू होते, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका. गाडी रात्रीच ठरवून ठेवा, आणि आल्फामात राहत असाल तर ती कुठल्या चौकापर्यंत येऊ शकते ते घरमालकाला विचारून घ्या.